कशासाठी हवंय?

बडोद्यात माझ्या मामांचं कापडाचं दुकान होतं. कॉलेजात असताना लग्नसराईत मी तिथे गल्ल्याजवळ बसून बिलं लिहायची. दुकानात गादी होती, गादीवर पांढरी चादर, आणि त्या चादरीवर दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडत राहायच्या. साडी घ्यायला बाई आली की मामा रंग किंवा किंमत विचारण्याआधी विचारत, "नेसायची की द्यायची?"

या प्रश्नात दुकानदारीचं निम्मं शास्त्र होतं. नेसायची साडी बाई हाताने निवडते. पोत बघते, पदर खांद्यावर टाकून आरशासमोर उभी राहते, रंग जाईल का विचारते. द्यायच्या साडीचं तसं नसतं. विहिणीला, नणंदेला, आत्याबाईंना मानपानात द्यायच्या साडीला काठ ठसठशीत हवा, खोका चांगला हवा, आणि ती आहे त्यापेक्षा शंभर रुपयांनी महाग दिसायला हवी. जिला मिळते ती नेसेलच असं नाही. बऱ्याचदा ती साडी कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात आणखी कुणाला तरी दिली जाते. तोंडाने दोघीही 'साडी दाखवा' एवढंच म्हणतात. पण एकीला अंगावर घालायला वस्त्र हवं असतं आणि दुसरीला नात्यातला हिशेब चुकता करायचा असतो. हे ज्याला कळत नाही तो दुकानदार दिवसभर घड्या मोडत बसतो आणि संध्याकाळी परत घालत बसतो.

एका दुपारी दुकानात गर्दी नसताना एक बाई आल्या. म्हणाल्या, "कामवालीला द्यायचीय, स्वस्तातली दाखवा." मामांनी स्वस्तातला गठ्ठा पुढे केला. भडक रंग, जाड छपाई. बाई बघत होत्या, पण हात कापडावर रेंगाळत होता. एका साडीची लांबी त्यांनी स्वतःच्या हाताने मोजून पाहिली. मामांनी काही न बोलता वरच्या फळीवरून आणखी तीन साड्या काढल्या, फिक्या रंगांच्या. म्हणाले, "ह्याही त्याच भावाच्या आहेत. रोज धुतली तरी विटणार नाही." बाईंनी त्यातली एक घेतली आणि गेल्या. मी विचारलं, "मामा, ती त्यांनी स्वतःसाठीच घेतली ना?" मामा घडी घालत म्हणाले, "तुला काय करायचंय? बिल लिही."

हे मी पुढे बरीच वर्षं विसरून गेले होते. आठवलं ते माझ्या स्वतःच्या गिऱ्हाइकाशी मी चुकीचं वागले तेव्हा.

साहित्याचे अनुवाद करून घर चालत नाही, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. माझं घर चालतं कागदपत्रांवर. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, मृत्युपत्रं, खरेदीखतं, आणि अधूनमधून कुणाच्या तरी घरातली जुनी पत्रं. बडोद्यात गायकवाडी काळापासून राहिलेली कितीतरी मराठी घरं आहेत. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला घरात मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की गुजराती नाहीतर इंग्रजीच बरी वाटते. त्यांच्या ट्रंकांमधून निघालेले कागद माझ्याकडे येतात.

या धंद्यात मामांचा प्रश्न मलाही रोज विचारावा लागतो. समजा, मराठी कागदात 'मावशी' हा शब्द आहे. गुजरातीत करायचं तर अडचण नाही, त्यांची 'मासी' तयारच आहे. पण इंग्रजीत मावशी, आत्या, काकू, मामी या सगळ्या एकाच 'आंट'मध्ये कोंबल्या जातात. कागद व्हिसासाठी असेल, तर 'आंट' पुरते. वारसाहक्काच्या दाव्यात द्यायचा असेल, तर 'आईची सख्खी बहीण' असं सोडवून लिहावं लागतं, नाहीतर दावा चुकीच्या घरात शिरतो. कथेतली मावशी असेल, तर ती मी 'मावशी'च ठेवते. शब्द एकच, पण कशासाठी हवाय ते कळल्याशिवाय त्याचा अनुवाद होत नाही. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना आम्हाला हान्स फेरमेर या जर्मन अभ्यासकाची मांडणी होती. १९७८ मध्ये त्याने म्हटलं की अनुवाद कसा करायचा हे मूळ संहितेपेक्षा अनुवादाच्या प्रयोजनावरून ठरतं. प्रयोजनासाठी त्याने 'स्कोपोस' हा ग्रीक शब्द वापरला. तेव्हा ते मला फार नवं वाटलं होतं. आता वाटतं, मामांना ते गादीवर बसल्या बसल्या ठाऊक होतं.

व्यापाराच्या अभ्यासकांनीही हे फार पूर्वी सांगितलं आहे. थिओडोर लेव्हिट यांनी १९६० मध्ये 'मार्केटिंग मायोपिया' या लेखात अमेरिकी रेल्वे कंपन्यांचं उदाहरण दिलं. या कंपन्या समजत होत्या की आपला धंदा रेल्वेचा आहे. लोकांना मात्र इथून तिथे जायचं होतं. मोटारी आणि विमानं आली तसे लोक तिकडे गेले. मागितलेल्या वस्तूच्या मागे एक गरज असते आणि ती ओळखावी, हा धडा त्यानंतर जगभर शिकवला गेला. धडा खरा आहे. पण ओळखल्यानंतर पुढे काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही, आणि माझी चूक नेमकी तिथे झाली.

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या आईने ग्वाल्हेरला दिलेल्या आपल्या बहिणीला लिहिलेली चौदा पत्रं त्यांच्याजवळ होती. निळी अंतर्देशीय पत्रं, १९६१ ते १९७४ मधली. मावशी गेल्यावर तिच्या मुलांनी ती परत पाठवली होती. गृहस्थांचं शिक्षण गुजराती शाळेत झालेलं, आईचं ते धावतं, एकमेकांत गुंतलेलं अक्षर त्यांना लागत नव्हतं. मुलगी परदेशात होती, तिला आजीची पत्रं वाचायची होती. "सरळ अर्थ द्या, ताई," ते म्हणाले. "इंग्रजीत. फार सजवू नका."

मी विचारलं, "कशासाठी हवंय, काका?"

"आठवण म्हणून. दुसरं काय?"

मी पत्रं घरी आणली. पहिली सात-आठ आपण सगळ्यांनी वाचली असतील अशी होती. लोणच्याला कैऱ्या मिळाल्या की नाही, थोरल्याला गोवर आला, धाकट्याची मुंज कधी करायची. नवव्या पत्रापासून सूर बदलला. हे घर मला कधी माझं वाटलं नाही, असं त्यांनी बहिणीला लिहिलं होतं. दुसऱ्या एका पत्रात नवऱ्याविषयी चार ओळी होत्या, त्या मी इथे देणार नाही. आणि बाराव्या पत्रात एक वाक्य होतं: पोरं नसती तर मी केव्हाच निघून आले असते.

त्या पोरांपैकीच एक, साठी उलटलेलं, माझ्या खुर्चीत बसून चहा पिऊन गेलं होतं.

मी दोन दिवस त्या वाक्यापाशी अडले होते. मग स्वतःला समजावलं की यांना आठवण हवी आहे. आजीची एक गोड आठवण, नातीसाठी. कोर्टात द्यायचा कागद थोडाच आहे? प्रयोजन ओळखायचं, बस. नवऱ्याविषयीच्या चार ओळींची मी एक ओळ केली. 'निघून आले असते' या वाक्याचं इंग्रजी असं केलं की वाचणाऱ्याला वाटावं, मुलांमुळे दिवस निभतात. खोटं म्हणावं तर खोटंही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. वाक्यात मुलं होती, दिवस कठीण होते, त्या राहिल्या होत्या. फक्त जाण्याची इच्छा तेवढी मी काढून टाकली होती.

गृहस्थ खूश झाले. ठरलेले पैसे दिले, वर पेढे दिले.

आठ महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती पडताळणी करायला निघाली नव्हती. तिने मूळ पत्रांचे फोटो मागवून घेतले होते, आजीचं अक्षर भिंतीवर लावायला. तिच्या घरी आलेल्या पुण्याच्या एका मैत्रिणीने ते सहज मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. मुलगी मोडक्या मराठीत बोलत होती, रागावलेली वाटत नव्हती. आधीच्या वर्षी तिने नवरा सोडला होता. घरात असं कुणी केलं नव्हतं, निदान तिला तसंच सांगितलं गेलं होतं. आपल्याकडच्या बायकांपैकी कुणाच्या मनात हे कधी आलंच नसेल का, एवढं तिला बघायचं होतं. म्हणून तिने वडिलांकडे पत्रांचा आग्रह धरला होता. "तुमचं इंग्रजी वाचून मला वाटलं," ती म्हणाली, "की मी एकटीच आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवल्यावर मी तिच्या वडिलांना फोन करून झालं ते सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बाकीच्यात काही नाही ना गाळलं, ताई?"

हा प्रश्न मला मुलीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. मी एक वाक्य बदललं होतं, आता त्यांच्या दृष्टीने चौदाही पत्रं संशयित झाली होती. कैऱ्यांची आणि गोवराचीसुद्धा.

तेव्हापासून मी मामांच्या त्या दुपारीकडे पुन्हा पुन्हा जाते. मामांनीही अंदाजच केला होता. तोही न सांगता, न विचारता. मग त्यांचा अंदाज मला आजही माणुसकीचा का वाटतो आणि माझा अंदाज फसवणुकीचा का? मामांचा बरोबर निघाला आणि माझा चुकला, हे उत्तर मला पुरत नाही. समजा, मुलीला खरोखरच गोड आठवण हवी असती. समजा, ती मैत्रीण तिच्या घरी कधी आलीच नसती. तरी मी केलं ते चूकच ठरलं असतं.

मला दिसणारा फरक असा. मामांनी अंदाजावरून गादीवर तीन साड्या वाढवल्या. आधीचा गठ्ठा तिथेच होता, भाव सांगितलेला होता, बाईंना हवी ती घेण्याची किंवा न घेताच उठण्याची मोकळीक होती. मी अंदाजावरून काढून घेतलं, आणि काढलंय हे कळू दिलं नाही. बाईंना पुढे कधी कळलं असतं की मामांनी आपल्याला ओळखलं होतं, तर त्या क्षणभर ओशाळल्या असत्या. आपण फसवले गेलो असं मात्र त्यांना वाटलं नसतं. मागणाऱ्याच्या मनाचा अंदाज करणं टाळता येत नाही. पण त्या अंदाजावर आपण काय केलं हे उद्या त्याच्या कानावर गेलं तर आपल्याला त्याच्यासमोर उभं राहता येईल का, एवढं आधी पाहता येतं.

यावर कुणी म्हणेल, वाढून ठेवण्यानेही माणूस फसतोच. जाहिराती दुसरं काय करतात? हरकत बरोबर आहे. मामांनी महागातली साडी पुढे करून 'तुम्हाला हीच शोभेल' म्हटलं असतं, तर तीही वाढवलेलीच असती. पण मग तो अंदाज बाईंच्या लाजेवर पैसे कमावण्यासाठी वापरला गेला असता, आणि ही गोष्ट त्यांना तोंडावर सांगता आली नसती. कसोटी तीच लागू पडते.

तमिळमध्ये यासाठी एक सुंदर शब्द आहे, 'कुरिप्परिदल', खुणेवरून ओळखणं. तिरुक्कुरळमध्ये १३३ अध्याय आहेत, आणि त्यांत हे एकच शीर्षक दोन अध्यायांना आहे, ७१व्या आणि ११०व्या. पहिला राज्यकारभाराच्या भागात, अमात्यांसंबंधीच्या प्रकरणांत येतो, दुसरा प्रेमाच्या भागात. साने गुरुजींनी कुरळ मराठीत आणल्यामुळे माझ्यासारख्या तमिळ न येणाऱ्यांनाही त्याची वाट मिळाली. न बोललेलं ओळखण्याची कला दरबारातही लागते आणि प्रेमातही, हे त्या रचनेतून दिसतं. दुकान या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. गिऱ्हाइकाचं मन ओळखणारा दुकानदार कोणत्या अध्यायात बसलाय, हे त्याच्या कौशल्यावरून सांगता येत नाही. कौशल्य दोन्हीकडे सारखंच असतं.

आणि संस्कृत काव्यशास्त्रातला धडा तर मी शिकलेला असूनही विसरले. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'सूर्य मावळला' अशा अर्थाच्या वाक्याचं उदाहरण दिलं आहे. हे एकच वाक्य ऐकून कुणी समजतो की शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली, कुणी प्रियकराला भेटायला निघते, गुराखी गाई घरी वळवतो, कुणी संध्येला बसतो. त्या यादीत व्यापारीही आहे. त्याला ऐकू येतं की मांडलेला माल आता आवरा. जितके ऐकणारे तितके अर्थ. पण हे सगळे व्यंग्यार्थ उभे राहतात ते वाच्यार्थाच्या आधारावर. 'सूर्य मावळला' हे वाक्य जसंच्या तसं पोचलं, म्हणून प्रत्येकाला त्यातून आपलं काही घेता आलं. सांगणाऱ्याने आधीच ठरवलं असतं की समोर गुराखी आहे, आणि वाक्य बदलून 'गाई वळवा' असं केलं असतं, तर त्या प्रेयसीने काय घेतलं असतं? मी त्या पत्राचं हेच केलं. नातीला काय ऐकू यावं ते मी ठरवलं, आणि सूर्य मावळल्याचं सांगितलंच नाही.

आपल्या भाषांनी या विषयावर थोडा विचार आधीच करून ठेवलेला दिसतो. 'ग्राहक' म्हणजे घेणारा. 'रसग्रहणा'तलं 'ग्रहण'ही त्याच धातूचं. मराठीत तो झिजून 'गिऱ्हाईक' झाला, आणि 'एखाद्याचं गिऱ्हाईक करणं' म्हणजे त्याची टर उडवणं, त्याला बनवणं. कन्नडमध्ये 'गिराकी' म्हणजे गिऱ्हाईक, तर तेलुगूत 'गिराकी' म्हणजे मालाला असलेली मागणी. सीमेच्या एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला त्याची मागणी. आपल्याकडूनही असंच होतं. समोरचा काय मागतोय हे ओळखता ओळखता मागणीच तेवढी दिसायला लागते आणि माणूस मागे पडतो.

आता तर हे काम आपल्या हातातल्या फोनकडे गेलं आहे. मी काल काय पाहिलं यावरून मला आज काय दाखवायचं ते ठरतं. पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात मला अनुवादित कादंबऱ्या दिसतात आणि शेजारच्या मुलीला स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. पण मामांच्या गादीवर सगळा गठ्ठा डोळ्यांसमोर असायचा, आणि काय नको म्हटलं ते आपल्याला माहीत असायचं. इथे काय मागे ठेवलं गेलं ते कळत नाही. गाळलेल्या चार ओळी जशा त्या मुलीला दिसल्या नव्हत्या.

कायदा या बाबतीत शहाणा वाटतो. ग्राहक संरक्षण कायदा, १९८६चा काय किंवा २०१९चा काय, खरेदीचं प्रयोजन एका ठिकाणी विचारतो: वस्तू व्यापारी हेतूने घेतली का? शिलाई यंत्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेणारी बाई ग्राहक ठरते, कारखानदार ठरत नाही. पण माल काय प्रतीचा, किती, कोणत्या भावाचा हे कळण्याचा हक्क देताना ती बाई शिवणार काय आणि कुणासाठी, याची चौकशी तो करत नाही.

एक प्रश्न उरतो. प्रयोजनच वाईट असेल तर? एकदा एक तरुण दुसऱ्याच कुणाचे तरी मराठी मेसेज घेऊन आला होता, इंग्रजीत करून मागत होता. ते कुणाचे आणि कशाला हवेत, हे त्याच्या बोलण्यातून दोन मिनिटांत कळलं. मी काम घेतलं नाही, आणि का घेत नाही तेही त्याला सांगितलं. दुकान बंद ठेवण्याचा हक्क दुकानदाराला असतो. दुकान उघडं ठेवून वजनात मारण्याचा हक्क नसतो, मारण्यामागे कितीही चांगली भावना असली तरी. ते बारावं पत्र माझ्याने होत नव्हतं, तर तसं सांगून मी गठ्ठा परत करू शकले असते. किंवा काकांना बोलावून म्हणू शकले असते की यात तुम्हाला लागेल असं एक वाक्य आहे, तुमच्यासमोर वाचू का? हे मला तेव्हा सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं. पण ते वाक्य त्यांच्यासमोर वाचण्याचं धाडस मला झालं नाही, आणि माझ्या त्या भित्रेपणाला मी त्यांचं प्रयोजन असं नाव दिलं. समोरच्याला काय सोसेल याचा अंदाज करताना आपण आपल्याला काय सोसेल तेच मोजत असतो का, हे तपासून पाहावं, एवढं मी त्यातून शिकले.

मी चौदाही पत्रं पुन्हा केली, शब्द न शब्द. पैसे घेतले नाहीत. काकांनी ती नेली, पण त्यानंतर ते माझ्याकडे काम घेऊन आले नाहीत. मुलीचं दिवाळीला एक कार्ड आलं. त्यात पत्रांचा उल्लेख नव्हता.

मागच्या आठवड्यात कॉलेजातला एक मुलगा आला. पणजोबांच्या वहीतली चार पानं होती, बाजारहाटाचा हिशेब, मध्येच एक-दोन ओळी मजकूर. गुजरातीत करून हवी होती. सवयीने मी विचारलं, "कशासाठी हवंय?"

तो जरा गोंधळला. म्हणाला, "असंच."

मी नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'असंच' लिहिलं आणि चारही पानं पूर्ण केली. पावशेर गुळासकट.